कर्पेकाका आणि नऊ किलोमीटर बर्फ

आज सकाळी आमच्या या डच गावात, झूटरमेरमध्ये, दीड सेंटिमीटर बर्फ पडला आणि देश बंद झाला. ट्रेन रद्द. शाळेचा मेल आला. ऑफिसच्या ग्रुपवर साहेबांनी 'सुरक्षित राहा, घरून काम करा' असा उपदेश केला, जणू एरवी आम्ही जीव मुठीत धरून एक्सेल उघडतो. माझ्या नवऱ्याने पडदा बाजूला करून बाहेर बघितलं आणि गंभीर चेहऱ्याने विचारलं, "दूध आहे ना गं घरात?" समोर सुपरमार्केट आहे. चप्पल घालून गेलं तरी तीन मिनिटं लागतात.

अशा दिवशी मला कर्पेकाका आठवतात. मधुकर कर्पे. टिलबर्गला आम्ही सात वर्षं राहिलो तेव्हा ते एक घर सोडून राहायचे. मूळचे इचलकरंजीचे. वडिलांचं यंत्रमाग दुरुस्तीचं दुकान, त्यामुळे हातात पाना आधी आला आणि पाटी नंतर. पुढे पुण्याला इंजिनियरिंग केलं आणि मग चोवीस वर्षं आइंडहोवनच्या एका कंपनीत संगणकाच्या चिपा बनवणाऱ्या यंत्रांची थरथर काढण्याचं काम केलं. म्हणजे यंत्र हलता कामा नये. किती हलता कामा नये? तर एका केसाचे लाख भाग करा, त्यातल्या एका भागाएवढंसुद्धा नाही. हा माणूस बासष्टाव्या वर्षी एक म्हातारी डिझेल पिकअप विकत घेतो, जी चालू केली की आमच्या घरातल्या कपबशा वाजतात. आणि तिच्या तोंडाला बर्फ ढकलायचं लोखंडी पातं बसवतो. कुठे, तर वर्षातून धड तीन दिवस बर्फ न पडणाऱ्या या देशात. सगळे हसले. मीही हसले. तांदूळ जाईपर्यंत तर मी फारच हसले. तांदळाचं सांगते पुढे.

काकांच्या शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी व्हर्नियर कॅलिपर असायचा. शोभेला नाही हं, वापरायला. बेकरीत बिस्किटं घेताना ते पुड्यातलं एक बिस्किट मोजायचे आणि मागच्या आठवड्यापेक्षा पातळ झालंय हे बेकरीवालीला शांतपणे सांगायचे. ती बिचारी लाल व्हायची. आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा माझी पोळी मोजली.

"मुक्ता, कडेला दोन पूर्णांक एक, मधे एक पूर्णांक चार."

"काका, जेवा."

"जेवतोय की. टॉलरन्समध्ये आहे."

टॉलरन्स म्हणजे मापातला चालून जाणारा फरक, आणि ही त्यांच्याकडची सर्वोच्च पदवी. यापलीकडे कौतुक नाही. सून पहिल्यांदा घरी आली, टॉलरन्समध्ये आहे. महाराष्ट्र मंडळाचं नाटक झालं, नटांनी जीव ओतला, काका बाहेर पडताना म्हणाले, पहिला अंक टॉलरन्समध्ये होता. दुसऱ्या अंकाबद्दल कोणी विचारायचं धाडस केलं नाही. आणि तुम्ही काहीही विधान केलंत की त्यावर एकच प्रश्न यायचा, "मोजलंस का?" थंडी फार आहे म्हटलं, की मोजलीस का. डच लोक तुसडे असतात म्हटलं, तरी मोजलंस का. सुनंदाकाकू, म्हणजे त्यांच्या बायको, आतून ओरडायच्या, "अहो, माणसं गप्पा मारायला आलीत, तुमच्या प्रयोगशाळेत नाही!" मग स्वतःच खळखळून हसायच्या.

काकू गणिताच्या बाई. टिलबर्गमधल्या निम्म्या मराठी पोरांनी त्यांच्या जेवणाच्या टेबलावर बसून अपूर्णांक शिकले. पोरं उत्तरं डचमध्ये द्यायची, काकू प्रश्न मराठीत विचारायच्या आणि रागावायच्या इंग्रजीत. आणि मग काय दुर्बुद्धी सुचली देवाला कोण जाणे, त्यांना विस्मरण सुरू झालं. आधी डच गेली. मग इंग्रजी. मग माणसांची नावं. घरी सांभाळणं जमेना तेव्हा काकांनी नोकरी सोडली, तरीही जमेना. दोनदा काकू रात्रीच्या कपड्यांवर बाहेर पडल्या. शेवटी नऊ किलोमीटरवर एका खेड्याबाहेर, मक्याच्या शेतांमधून जाणाऱ्या गल्लीच्या टोकाला, एका शुश्रूषागृहात त्यांना ठेवलं.

तिथे एक गोष्ट लक्षात आली. सकाळचा पहिला चहा काकू फक्त काकांच्या हातून घ्यायच्या. दुसऱ्या कोणी कप पुढे केला की ओठ घट्ट मिटायच्या. औषध नाही, पाणी नाही, काही नाही. काकांनी दोन घोट पाजले की मग दिवसभर कोणाही हातून जेवायच्या. तिथल्या लोकांनी सगळे उपाय केले. गोड बोलले, गाणी लावली, आल्याचा चहा शिकले. पालथ्या घड्यावर पाणी. म्हणून काका रोज साडेसातला तिथे हजर. दोन वर्षं. ताप असो, पाऊस असो, संप असो. मी एकदा म्हटलं, "काका, एखादा दिवस सुट्टी घ्या." तर माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांना श्वास घ्यायची सुट्टी घ्यायला सांगितलं.

आणि मग त्या जानेवारीत एक दिवस बर्फ पडला. चांगला घोट्यापर्यंत. काकांची छोटी गाडी खेड्याच्या अलीकडे दोन किलोमीटरवर रुतली. ते उतरून चालत निघाले आणि वळणावर घसरून पडले. गुडघा फुटला. एका शेतकऱ्याने उचलून ट्रॅक्टरवरून दवाखान्यात नेलं. इकडे काकू दाराकडे बघत बसल्या. दुपारी कप भिरकावला. संध्याकाळपर्यंत पोटात पाण्याचा थेंब नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी सलाईन लावलं, ते काकूंनी उपटलं, मग दोघी परिचारिकांनी हात धरून पुन्हा लावलं. हे सगळं काकांना फोनवर ऐकावं लागलं.

तिसऱ्या दिवशी ते पाय बांधून माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसले. "तिला वाटलं असेल मी सोडून गेलो," म्हणाले.  मी आपल्या पुणेरी सवयीने सल्ले दिले. हवामानाचा अंदाज बघा, आदल्या दिवशीच जाऊन राहा. तर तिथली पाहुण्यांची खोली फक्त शेवटच्या घटका मोजणाऱ्यांच्या नातेवाइकांसाठी. टॅक्सी करा. बर्फात टॅक्सी कोणाचा बाप देतो? नगरपालिकेला लिहा. ते मात्र त्यांनी लिहिलं, चार पानी, नकाशासकट. अकरा दिवसांनी अतिशय गोड भाषेत उत्तर आलं, की मोठे रस्ते आधी, लहान नंतर, आणि ती गल्ली तर खाजगी आहे, आपल्या काळजीबद्दल आभार, आपला दिवस सुंदर जावो. नाही म्हणावं तर ते या लोकांनीच.

मे महिन्यात पिकअप आली. एका माळीकाम करणाऱ्याची होती, पत्र्याला अजून शेणखताचा वास. काकांचा मुलगा कॅनडात असतो. तिथे गल्लीतल्या कोणाच्या पिकअपला पुढे पातं लावलेलं काकांनी कधीतरी पाहिलं होतं. पातं जर्मनीच्या डोंगराळ भागातून जुनं मिळवलं. ते एका गाडीसाठी बनवलेलं, ही गाडी दुसरीच. म्हणजे नवरीचे दागिने एकीचे आणि नवरी भलतीच. ऑगस्टच्या उन्हात सगळी गल्ली अर्ध्या चड्डीत आइस्क्रीम खात बसलेली, आणि कर्पेकाका गाडीखाली उताणे पडून बर्फाची तयारी करतायत. पोस्टमन रोज सायकल थांबवून विचारायचा, "मेनेर कर्पे, आज पडणार का?" मेनेर म्हणजे मिस्टर. काका गाडीखालून गंभीरपणे सांगायचे, "आज नाही."

मदतीला शेजारचा हेंक. हेंक म्हणजे आमच्या दोघांच्या मधल्या घरातला सत्तर वर्षांचा, रस्त्यांना विटा बसवण्यात आयुष्य घालवलेला माणूस. दिवसाला आठ शब्द बोलायचा, त्यातले चार हवामानाबद्दल. काका दिवसाला आठ हजार, सगळे मोजमापाबद्दल. दोघांचं उत्तम जमायचं. चासीला नवीन भोक पाडायचं नाही, असा काकांचा हट्ट. "चासी म्हणजे गाडीचा कणा. कण्याला भोक पाडतं का कोणी?" मग असलेल्याच बोल्टांच्या भोकांवर बसेल असा लोखंडी सांगाडा करायचा ठरला. त्याचा साचा मंडळाच्या गणपतीच्या खोक्यांच्या पुठ्ठ्यातून कापला. अकरा साचे झाले. दहा टॉलरन्समध्ये नव्हते.

सांगाडा बसला तर पातं वर-खाली करणारा हायड्रॉलिक पंप गाडीची बॅटरी एका दमात पिऊन टाकायचा, म्हणून सीटखाली दुसरी बॅटरी. पातं वर उचललं की हेडलाइट झाकले जायचे, म्हणून टपावर दोन दिवे. पातं वर असताना रेडिएटरला वारा लागेना आणि इंजिन तापायचं, म्हणून जाताना ते किती खाली आणि किती तिरकं ठेवायचं याचा तक्ता डॅशबोर्डवर चिकटवला. पात्याची टोकं ड्रायव्हरला दिसत नाहीत, म्हणून दोन्ही टोकांना उभ्या दांड्या लावतात. काकांनी त्यांना नीट दिसावं म्हणून कापड बांधलं. घरात सापडलं ते भगवं होतं. मग काय! मंडळातल्या लोकांना आयतंच मिळालं. "काका, स्वारी कुठल्या गडावर?" गणपतीत तर एकाने विसर्जनाला गाडी मागितली, वाटेत बर्फ लागला तर म्हणून. काका म्हणाले, "देईन. मूर्तीची उंची मोजलीस का?"

दसऱ्याला पात्याला हळद-कुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. हेंकच्या कपाळालाही गंध लागलं, ते त्याने आठवडाभर न पुसता मिरवलं असं त्याची बायको सांगते. आणि मग चाचणी. बर्फ कुठून आणणार? काकांनी गल्लीत पडलेला पानांचा खच ढकलायचं ठरवलं. गाडी निघाली, पातं खाली आलं, पानं गोळा होऊ लागली, आम्ही टाळ्या वाजवल्या. आणि कर्रर्र असा आवाज आला. पात्याची लोखंडी धार एका वर आलेल्या विटेत अडकली आणि तिच्यासकट रस्त्याच्या वीस-पंचवीस विटा पोळीच्या पापुद्र्यासारख्या उचलल्या गेल्या. कॅनडात डांबर असतं हो. इथे गल्ल्या विटांच्या. सहा महिने सगळं मोजलं, फक्त ज्यावर चालवायचं तो रस्ता नाही मोजला. हेंक घरात गेला, गुडघ्याला बांधायच्या गाद्या आणि हातोडी घेऊन आला आणि खाली बसून वीट वीट परत बसवली. काका शेजारी उकिडवे बसून त्याला वाळू देत होते. शेवटची वीट ठोकून हेंक म्हणाला, "रबर." त्या दिवसाचा कोटा संपला.

रबर मी आणलं. मी गोदामांच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करते आणि टिलबर्गला गोदामांना तोटा नाही. खोकी वाहून नेणारा एक जाडजूड पट्टा जुना झाला म्हणून बाहेर काढला होता. मॅनेजरला विचारून मी तो गाडीत घालून आणला. पात्याच्या खाली त्याची पट्टी बसली आणि विटा वाचल्या. मला वाटलं, आपण मोठं पुण्य केलं. पुण्याचं फळ लगेचच मिळालं.

झालं असं, की पुढे एवढं लोखंड टांगल्यावर गाडीचं नाक जड झालं आणि मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. मागे वजन हवं. शहाणा माणूस वाळूची पोती आणतो. पण काकांच्या गॅरेजमध्ये मंडळाचा वर्षभराचा तांदूळ होता. वीस-वीस किलोची आठ पोती, आधीच मोजलेली. दिवाळीच्या जेवणाची व्यवस्था माझ्याकडे. पानं पंचवीस नाही, अडीचशे. गुरुवारी संध्याकाळी काकांनी ती आठही पोती मागच्या चाकांवरच्या उघड्या हौद्यात रचली आणि चाचणीला गेले. शनिवारी दिवाळी. गुरुवारी पाऊस. टिलबर्गचा पाऊस, तो काय विचारून येतो? शुक्रवारी सकाळी मी तांदूळ न्यायला गेले तर पोती फुगून बाळसं धरलेल्या पोरांसारखी बसली होती.

"काका!"

"पोती प्लास्टिकची आहेत. पाणी आत जायला नको होतं."

"विणकामाची भोकं मोजलीत का?"

काकांनी खिशातून कॅलिपर काढून पोत्याला लावला. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! पुढच्या क्षणी अडीचशे पानं आठवली आणि आनंद ओसरला. दिवाळीला लोकांनी मसालेभाताच्या जागी पाव खाल्ले आणि मला टोमणे मारले. भिजलेला तांदूळ मी घरोघर वाटला. त्या आठवड्यात टिलबर्गमधल्या प्रत्येक मराठी घरी घावन होते. काका सांगायला आले, "मुक्ता, तांदूळ गेला ते वाईट झालं. पण मागची चाकं अजिबात फिरली नाहीत." मी दोन आठवडे त्यांच्याशी बोलले नाही.

डिसेंबर कोरडा गेला. म्हणजे ओला, पण बर्फाशिवाय. पोस्टमनचं रोजचं चालूच. मला आत कुठेतरी काकांची लाज वाटायला लागली होती, आणि मग त्या लाजेची लाज. कारण मला माहीत होतं ते हे कशासाठी करतायत. सगळ्यांनाच माहीत होतं. माहीत असून हसणं सोपं जातं, एवढंच.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही झूटरमेरला जायच्या गडबडीत होतो, घरभर खोकी. एका सकाळी सहाला बेल वाजली. दारात काका. माकडटोपी, त्यावर हेल्मेट. मागे पांढरंशुभ्र. रस्ता कुठे आणि गाड्या कुठे, कळत नव्हतं.

"हेंकला ताप आहे. उजव्या दांडीकडे बघायला माणूस हवा. कडेला खंदक आहेत, मला दिसत नाहीत."

"काका, मी अजून दात घासले नाहीत."

"चालेल."

मी नवऱ्याला हाक मारून सांगितलं आणि निघाले. मोठ्या रस्त्यापर्यंत ठीक. पुढे पातं खाली आलं आणि इतके महिने ज्याची चेष्टा केली ते लोखंड बर्फ कापत, बाजूला सारत चालू लागलं. एखादा खवा खरवडावा तसा. विटा जागच्या जागी, मागची चाकं जागच्या जागी. मी उजव्या दांडीकडे डोळे लावून ओरडत होते, "डावीकडे घ्या, डावीकडे, आता सरळ!" काका फक्त घड्याळाकडे बघत होते. सात वाजून दहा मिनिटांनी आम्ही खेड्याशी पोचलो. पुढे गल्ली तेवढी राहिली होती. वेळेत होतो.

तिथे तिठ्यावर एक छोटी गाडी तिरकी रुतलेली आणि एक बाई हात हलवत उभी. सुईण होती. इथे बाळंतपणं अजून घरी होतात, सुईण येते. डावीकडच्या शेतावर एक बाई अडली होती आणि हिची गाडी पुढे जाईना. हातात दोन मोठ्या बॅगा, चालत न्यायच्या म्हटलं तर बर्फ गुडघाभर. शुश्रूषागृह उजवीकडे.

काकांनी काच खाली केली. "किती लांब?"

"आठशे मीटर."

"मोजलंय?"

"हो."

मी म्हटलं, "काका, काकू वाट बघतायत." मी असं म्हणायला नको होतं. सुईणीसमोर, मराठीत, म्हणजे तिला कळणारही नाही अशा भाषेत मी तिला वाटेत सोडून द्यायला सांगत होते. काकांनी स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले.  मग त्यांनी सुईणीला बॅगांसकट आत घेतलं आणि गाडी डावीकडे वळवली.

आठशे मीटर नव्हतेच, चांगले दीड किलोमीटर निघाले. मध्ये एक झाड आडवं होतं, ते पात्याने ढकलायला अर्धा तास गेला. सुईणबाई शेतावरच्या घरात गेल्या, आम्ही मागे वळलो, आणि शुश्रूषागृहाच्या दारात थांबलो तेव्हा नऊ वाजायला आले होते. काका थर्मास घेऊन धावले. फुटलेल्या गुडघ्याने धावले. मी मागून. माझ्या डोळ्यासमोर सलाईनची सुई होती.

काकूंच्या खोलीच्या दारात अन्नेकेबाई उभ्या होत्या. पन्नाशीच्या, रात्रपाळीच्या परिचारिका. सकाळपाळीचं कोणी पोचलंच नाही म्हणून बारा तासांनंतरही तिथेच. डोळे तांबारलेले. त्या म्हणाल्या, "मेनेर कर्पे, घाबरू नका. त्या प्यायल्या."

काका थबकले. "काय?"

युक्ती काहीच नव्हती. साडेसात झाले, आठ झाले, काकू दाराकडे बघत बसल्या. अन्नेकेबाई दमून शेजारच्या खुर्चीत टेकल्या आणि स्वतःची कॉफी प्यायला लागल्या. काकूंनी थोडा वेळ बघितलं, हात पुढे केला, कप काढून घेतला आणि पिऊन टाकला. कॉफी! काळी, कडू, बिनसाखरेची डच कॉफी, जिला काकू आयुष्यभर काढा म्हणून नाक मुरडत आल्या. मग ब्रेडही खाल्ला.

आम्ही आत गेलो. काकू खिडकीशी बसल्या होत्या, केस विंचरलेले. काकांकडे बघून प्रसन्न हसल्या. "या, बसा ना," म्हणाल्या.

काकांनी चहा ओतला, कप पुढे केला.

"नको हो. झालाय माझा. तुम्ही घ्या."

काकांनी कप खाली ठेवला.  मग उठून बाहेर व्हरांड्यात गेले. मी मागोमाग गेले तर भिंतीला पाठ लावून उभे होते. "बरं झालं, मुक्ता," म्हणाले. "उद्या मी पडलो, मेलो, तर ती उपाशी राहणार नाही. फार बरं झालं." आणि रडायला लागले. लहान मुलासारखे, नाक-डोळे वाहू देत. माझ्याकडे सात वर्षांचे टोमणे साठलेले होते, त्यातला एकही कामाचा नव्हता. मी त्यांचा हात धरून उभी राहिले आणि मीही रडले. आपल्यावाचून कोणाचं अडत नाही हे ऐकून सुटका होते आणि काळीजही तुटतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

तेवढ्यात अन्नेकेबाई कोट चढवून बाहेर आल्या. सकाळपाळीच्या दोघी आमच्या साफ केलेल्या वाटेने नुकत्या पोचल्या होत्या. बाईंची सायकल आवारात अर्धी बर्फात पुरलेली. घर चार किलोमीटर, खेड्याच्या पलीकडच्या बाजूला, जिकडे आम्ही गेलोच नव्हतो. त्या सायकल ओढून काढायला लागल्या.

काकांनी बाहीने तोंड पुसलं. "तू हिच्यापाशी बस," मला म्हणाले. "त्या बाईंना घरी जायचंय."

मी काकूंच्या शेजारी खिडकीत बसले. खाली पिकअप घरघरली, खोलीतला कप वाजला. पातं खाली आलं. काका पुढे, बैलगाडीच्या चालीने, बर्फ दोन्ही बाजूंना सारत, आणि त्यांच्यामागे मोकळ्या झालेल्या विटांवरून अन्नेकेबाई सायकलवर. फाटकाशी त्या घंटी वाजवायला लागल्या. बारा तास राबलेली बाई, तिला घाई होती. काकांनी खिडकीतून हात बाहेर काढून थांबा थांबा अशी खूण केली आणि वेग तिळमात्र वाढवला नाही. बाई सायकलवर हसत होत्या.

काकू पुढे वाकून बघत होत्या.

"कोण हो ते?"

"काकू, ते कर्पे."

"हो का?" त्या बघत राहिल्या. गाडी वळणाशी पोचली, मागची सायकल पोचली, दोन्ही दिसेनाशा झाल्या. मग काकू खुर्चीत मागे टेकल्या आणि म्हणाल्या, "माणूस चांगला दिसतो."

मी म्हटलं, "आहेत."